आधी सातबारा, मग पर्यटन

वाई तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावच्या ग्रामपंचायत सदस्य ताईंनी विचारलं आहे: गावात पेशवाईतला दगडी घाट आहे, दोन मंदिरं आहेत, पडायला आलेला एक वाडा आहे आणि चैत्रात मोठी यात्रा भरते. मेणवलीचा घाट आणि वाडा बघायला माणसं येतात, तशी आपल्याकडेही यावीत असं गावाला वाटतंय. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून निधीची वाट उघडणारा, दर्जा मिळवण्यासाठी धावपळ सुरू आहे. पण जुनीजाणती माणसं म्हणतात, पुरातत्त्ववाले आले की गावाला भिंतीत खिळाही ठोकता येणार नाही. मग कायदा मदत करतो की आडवा येतो? आणि पर्यटन आलंच, तर पुढे गावाचं गावपण राहील का?

सातारा-सांगली भागात जुन्या वास्तूंचं जतन आणि विकास आराखडे हेच माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो. ताई, दर्जाचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी शोधा. त्या घाटावर, मंदिरावर, वाड्यावर कायद्याने अधिकार कुणाचा? तिथे जमणारा पैसा कुणाच्या खात्यात जाणार? आणि उद्या काही बिघडलं तर जाब कुणाला विचारायचा? तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं, तिथलं पर्यटन टिकतं. अधिकार मुंबईच्या एका खात्याकडे, पैसा ठेकेदाराकडे आणि कचरा गावाकडे अशी वाटणी झाली, की पाच-सात वर्षांत ती जागा विटते. रस्ता, कमान, फलक, सेल्फी पॉइंट यांनी हे बदलत नाही.

सुरुवात कागदांपासून करा. मंदिराच्या जमिनीचा सातबारा काढा. बहुतेक जुन्या देवस्थानांच्या जमिनी इनाम वर्ग ३ मध्ये (देवस्थान इनाम) असतात आणि शासनाच्या परवानगीशिवाय त्यांचं हस्तांतरण होत नाही. फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मागे मागे बघत जा, कारण कुळांची नावं, वहिवाटदारांची नावं आणि परस्पर झालेले व्यवहार तिथेच सापडतात. मंदिराची सार्वजनिक विश्वस्त संस्था नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा घ्या. आज विश्वस्त कोण आणि संस्थेच्या नावावर कोणती मिळकत, हे त्यावर असतं. मी पाहिलेल्या कित्येक गावांत परिशिष्टावरचे निम्मे विश्वस्त हयात नव्हते आणि बदल अर्ज कुणी दिलाच नव्हता. अशा संस्थेशी कुठलंही सरकारी खातं करार करू शकत नाही. वाडा गावठाणात असेल तर त्याला सातबारा नसतो. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा, ती नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर हद्द ठरायला त्याचा उपयोग होतो. घाटाचं प्रकरण आणखी वेगळं. पायऱ्या गावाच्या वाटल्या तरी नदीचं पात्र शासनाचं असतं. त्यात पूररेषा आखलेली असेल तर निळ्या रेषेच्या, म्हणजे वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या, आत पक्कं बांधकाम करायचं नसतं. म्हणजे घाटालगत चेंजिंग रूम आणि उपाहारगृह बांधायचं जे चित्र कुणीतरी काढून आणलं असेल, ते तिथेच थांबतं. थांबायलाच हवं. २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीने आणि आपण पाहिले आहेत.

आता पुरातत्त्वाची भीती. ती पूर्ण खोटी नाही, पण फार ढोबळ आहे. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित (नवं बांधकाम बंद) व त्यापुढे २०० मीटर विनियमित (परवानगीनेच बांधकाम) क्षेत्र आलं. गावोगाव लोकांना हाच नियम ऐकून माहीत असतो. पण तो केंद्र संरक्षित स्मारकांचा आहे. तुमचा घाट किंवा मंदिर जास्तीत जास्त राज्य संरक्षित होईल, म्हणजे महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याखाली, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. तिथे १००-२०० मीटरची ती अट आपोआप लागत नाही. शिवाय घोषणा एका रात्रीत होत नाही. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात आणि मग अंतिम अधिसूचना येते. त्या दोन महिन्यांत संरक्षित क्षेत्राच्या नकाशावर ग्रामसभेने नीट बोलायचं असतं. संरक्षणाची हद्द कुठून कुठपर्यंत, पूजाअर्चा आणि यात्रेची वहिवाट कशी चालू राहील, हे तेव्हाच लेखी मांडायचं. अनेक गावं या काळात गप्प बसतात आणि नंतर दहा वर्षं तक्रार करतात.

संरक्षित होणं हाच एक मार्ग आहे असंही नाही. एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमांत, वारसा वास्तूंच्या यादीची आणि त्यांच्या जतनाची तरतूद आहे. खाजगी वाड्याला मला हा रस्ता जास्त पटतो. मालक मालकच राहतो, वाडा पाडायचा किंवा त्याचं रूप बदलायचं म्हटलं तर परवानगी लागते, आणि आतल्या रोजच्या जगण्यात कुणी ढवळाढवळ करत नाही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहे. तीत एखादी संस्था किंवा उद्योग देखभालीची जबाबदारी घेऊ शकतो. ती चांगली आहे, पण करारात गावाचं नाव कुठे येतं ते बघून मगच सही होऊ द्या.

पैशाबद्दल सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण आपल्या उशाशी आहे: कास. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यातल्या ३९ ठिकाणांपैकी कास एक. फुलं बघायला माणसांचा लोंढा आधीपासून होताच, यादीत गेल्यावर तो वाढला. गाड्या पठारावर चढत, माणसं फुलांत लोळून फोटो काढत. तिथे काम कशाने झालं, तर वन विभागाने कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना पुढे केलं. प्रवेश शुल्क समितीकडे, वाहनतळ समितीकडे, पठारावर उभी राहणारी आणि वाट दाखवणारी मुलं-मुली याच गावांची. दिवसाला ३ हजार माणसांची मर्यादा घातली गेली आणि ऑनलाइन नोंदणी आली. सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी पठारावर जा. शिट्टी वाजवून, “दादा, वाटेवरून चला, फुलावर पाय पडतोय,” असं सांगणारी पोरगी कासाणीची असते. शहरातून आलेला माणूस तिचं ऐकतो, कारण तिच्यामागे वनकायदा उभा आहे, आणि ती मनापासून सांगते, कारण त्या पठारावर तिचं घर चालतं. मी कायद्याचं काम म्हणतो ते हे.

पण कासचीच दुसरी बाजू बघा. पठाराची हद्द संपली की साताऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यालगत खाजगी जमिनी सुरू होतात. तिथे वन विभागाचा अधिकार नाही, समितीचा तर नाहीच. बिगरशेती परवानगी, बांधकाम परवानगी, अतिक्रमण हे सगळं महसूल आणि नियोजनाकडे. एका हद्दीच्या आत पावलांचा हिशेब ठेवला जातो आणि हद्दीबाहेर डोंगर कापून हॉटेलं उभी राहतात. पर्यटक तर एकच रस्ता धरून येतो. म्हणून तुमच्या गावाचा विचार करताना घाटापुरता करू नका. घाटाकडे येणारा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंचे गट नंबर, गाडीतळाची जागा, हे सगळं एकाच नकाशावर घ्या.

महाबळेश्वर-पाचगणीचा धडा याच जातीचा, फक्त मोठ्या प्रमाणावरचा. १७ जानेवारी २००१ ला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली हा सगळा भाग, सुमारे १२४ चौरस किलोमीटर, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. ती अधिसूचना जरूर वाचा. झाडं, उतार, खाणी, भूजल एवढ्यावर ती थांबत नाही. क्षेत्राच्या वहनक्षमतेला (त्या जागेला किती भार झेपेल याला) धरून पर्यटनाचा आराखडा करावा, मानवनिर्मित वारसा शोधून त्याच्या जतनाची योजना करावी, असंही ती सांगते. क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर, शेजारचं दगडी कृष्णाबाई मंदिर, पाचगणीच्या जुन्या शाळा, इंग्रजी अमदानीतले बंगले, हे सगळं त्या चौकटीत बसतं. या अधिसूचनेने आणि तिच्यावरच्या सनियंत्रण समितीने जंगल वाचवलं, यात मला शंका नाही. ती नसती तर आज वेण्णा तलावाभोवती काय उभं राहिलं असतं याची कल्पना करवत नाही. पण तिचा सगळा जोर बांधकामावर राहिला. माणसांच्या आणि गाड्यांच्या संख्येला हात घालणारी यंत्रणा उभी राहिली नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात पसरणीच्या घाटात रांगा लागतात त्या म्हणून.

गर्दीचा विषय निघाला की मांढरदेवचं नाव घ्यावंच लागतं. तुमच्याच तालुक्यातलं गाव. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमेची काळूबाईची यात्रा. अरुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरडी झालेली वाट. चेंगराचेंगरी झाली, आग लागली आणि जवळपास ३०० माणसं गेली. त्यानंतर न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला. आज यात्रेच्या आधी जिल्हाधिकारी, पोलीस, आरोग्य, एसटी, वीज मंडळ, देवस्थान यांच्या बैठका होतात, पशुहत्येवर आणि दारूवर बंदीचे आदेश निघतात, येण्याचा आणि जाण्याचा मार्ग ठरतो. ही शिस्त माणसं गेल्यावर आली याचं दुःख या भागातल्या प्रत्येकाला आहे. तुमच्या चैत्रातल्या यात्रेला आज पाच हजार माणसं येत असतील. दर्जा मिळाला, व्हिडिओ फिरले, की ती पन्नास हजार होतील आणि पायऱ्या मात्र तेवढ्याच राहतील. पर्यटनाच्या प्रस्तावात आपत्ती व्यवस्थापनाचं पान सगळ्यात आधी घाला. घाटावर एका वेळी किती माणसं उभी राहू शकतात, पाणी सोडण्याची सूचना धरणावरून गावात कुणाला येते, रुग्णवाहिका कुठपर्यंत पोचते. या जिल्ह्यात या पानाशिवाय गेलेला प्रस्ताव मी तरी मान्य करणार नाही.

कायदा एखादी परंपराच बदलून टाकतो तेव्हा काय होतं, हे सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात दिसतं. नागपंचमीला जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक ही तिथली ओळख. लांबलांबून माणसं ती बघायला येत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि ते थांबलं. नागांची हाताळणी आणि गर्दीतली प्रदर्शनं थांबायला हवी होती, हे माझं स्पष्ट मत आहे. पण बंदी घालताना त्या जागी काय उभं करायचं याचा विचार कुठल्याच संस्थेने वेळेवर केला नाही. शिराळ्याच्या माणसांना शेताच्या बांधावर नागाची वाट ओळखता येते, बीळ ओळखता येतं, बिनइजा नाग धरता येतो. ते ज्ञान जतन करण्याचं, सर्पदंशाच्या प्रबोधनाला जोडण्याचं काम बंदीच्या दुसऱ्याच वर्षी सुरू व्हायला हवं होतं. २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला अटी घालून परवानगी दिली. म्हणजे कायद्यात वाट होती, ती शोधायला फार वर्षं लागली. बैलगाडा शर्यतींचं असंच: २०१४ ला बंदी, २०१७ ला राज्याची दुरुस्ती, मे २०२३ ला ती दुरुस्ती वैध ठरवणारा घटनापीठाचा निकाल. तुमच्या यात्रेत शर्यत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नियमातल्या अटी, दोन्ही काटेकोर पाळा. एक गुन्हा दाखल झाला की पुढच्या सगळ्या प्रस्तावांवर त्याची सावली पडते.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो ती सांगतो, कारण ती तुमच्या घाटावर नक्की घडणार आहे. ‘क’ वर्ग दर्जा जिल्हा नियोजन समिती देते. मग निधी येतो, मार्चच्या आत खर्च करायचा असतो. अंदाजपत्रक दरसूचीवरून, म्हणजे सरकारी दरांच्या ठरलेल्या यादीवरून, बनतं. दरसूचीत काँक्रीट, पेव्हिंग ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, ग्रॅनाइट तयार असतं. चुन्यातल्या दगडी कामाचं दरपृथक्करण (दर कसा आला याची फोड) वेगळं करावं लागतं, त्याला तांत्रिक मान्यता घ्यावी लागते, चुना मुरवायला आठवडे लागतात, कारागीर शोधावे लागतात. मार्च जवळ आलेला असतो, मग सिमेंट होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका घाटाची अशी ‘दुरुस्ती’ मी पाहिली. दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरून वरून ओढलेल्या रेघा. जुन्या सांध्यांतून पुराचं पाणी ओसरताना मागचं पाणी झिरपून बाहेर पडायचं. ते बंद झालं. मागे अडलेल्या पाण्याने भिंतीला फुगवटा आला आणि काही पावसाळ्यांनंतर एक अख्खा टप्पा पुढे सरकला. सगळं नियमाने झालं होतं. मान्यता होती, निविदा होती, मोजमाप पुस्तिका होती. अडीचशे वर्षं पूर सोसलेली पायरी तेवढी गेली.

यावर उपाय आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या हातात आहे. प्रस्तावासोबतच्या ठरावात स्पष्ट लिहा की जुन्या दगडी कामाची दुरुस्ती मूळ साहित्यात आणि पद्धतीनेच व्हावी, अंदाजपत्रक जतन-वास्तुविशारदाकडून तयार व्हावं आणि पुरातत्त्व संचालनालयाचं तांत्रिक मार्गदर्शन घ्यावं. निधी दोन वर्षांत टप्प्याने मागा. पहिल्या वर्षी फक्त मोजणी, नकाशे आणि पाण्याचा निचरा. हे कागदावर असलं की कनिष्ठ अभियंत्यालाही आधार मिळतो. त्यालाही चांगलं काम करायचं असतं, पण त्याच्या हातात तसा कागद नसतो.

मोठ्या दर्जाविषयी थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत गेला. १२ किल्ल्यांपैकी आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड. आनंदाची गोष्ट आहे. पण युनेस्कोचा शिक्का स्वतः काही राखत नाही. भारताने १९७७ मध्ये तो करार मान्य केला, तरी रोजचं संरक्षण देशातल्या कायद्यांनीच होतं आणि प्रतापगड राज्याच्या संचालनालयाकडे आहे. तिथलं व्यवस्थापन कसं चालतं याकडे लक्ष ठेवा. गडावर राहणारी कुटुंबं, भवानीमातेचं मंदिर, गडाखालची दुकानं, हे सगळं सांभाळून जतन करायचं आहे, म्हणजे तुमच्या गावासारखाच प्रश्न मोठ्या आकारात. कायदा किती लांबून आपल्यापर्यंत पोचतो याचं उदाहरण साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयातच दिसलं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून आलेली वाघनखं मुदतीवर आली, कायमची नाहीत. ब्रिटनच्या १९८३ च्या कायद्याने त्या संग्रहालयाला संग्रहातली वस्तू देऊन टाकण्याचा मोकळा अधिकारच ठेवलेला नाही.

शासनाने स्वतः उभं केलेलं आणि मला मनापासून आवडणारं काम म्हणजे पाचगणीजवळचं भिलार. ४ मे २०१७ ला मराठी भाषा विभागाने पुस्तकांचं गाव सुरू केलं. पुस्तकं, कपाटं, फलक शासनाचे. ओसरी आणि खोली गावकऱ्यांची. डोंगर कापावा लागला नाही, नवी इमारत बांधावी लागली नाही. स्ट्रॉबेरी घ्यायला आलेलं कुटुंब तासभर वाचत बसतं आणि त्या घरात जेवून जातं. तुमच्या वाड्याचा पुढचा सोपा (ओसरी) अशा एखाद्या वापराला द्यायला मालक तयार असेल तर त्याच्याशी बोला. वाईत विश्वकोशाचं कार्यालय आहे, प्राज्ञ पाठशाळेची परंपरा आहे. तुमच्या गावाला जोडून घ्यायला यापेक्षा जवळचं काही नाही.

पैशाची सोय आत्ताच करून ठेवा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये यात्रेकरूंवर कर बसवण्याचा अधिकार पंचायतीला आहे. बाजाराची आणि गाडीतळाची फी घेता येते. वेगळं खातं उघडा आणि त्यातला किती हिस्सा घाटाच्या देखभालीला, किती सफाईला, हे ग्रामसभेच्या ठरावाने बांधून घ्या. देवस्थानची धर्मशाळा किंवा गाळे बिगरशेती भाड्याने तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीला द्यायचे असतील तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ११ महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा करून हा नियम टाळण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वाद होतो तेव्हा देवस्थानच हरतं.

तुमचं गाव कुठल्या नियोजन प्राधिकरणाखाली येतं ते तालुक्याला विचारून घ्या आणि अधूनमधून पुन्हा विचारत राहा. नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पात जावळी, पाटण आणि सातारा तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी रस्ते विकास महामंडळ विशेष नियोजन प्राधिकरण झालं. कित्येक गावकऱ्यांना आपल्या जमिनीचं नियोजन आता कोण करणार हे वर्तमानपत्रातून कळलं. आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीची मुदत सुरू होते. हरकत देताना “आमचा विरोध आहे” एवढंच लिहू नका. गट नंबर, नकाशातली जागा, तिथे आज काय आहे आणि बदल काय हवा, हे लिहा आणि पोच घ्या. सुनावणीला जाताना गावातल्या बायकांनाही घेऊन जा. पाणवठा कुठे, धुणं कुठे, स्मशानाची वाट कुठली, हे त्या नेमकं सांगतात आणि नकाशा करणाऱ्यांच्या ध्यानात ते कधीच आलेलं नसतं.

येत्या ग्रामसभेसाठी एकच विषय घ्या: घाट, मंदिरं, वाडा आणि त्यांच्याकडे जाणारे रस्ते यांची नोंद करायला सात जणांची समिती. त्यात देवस्थानचा एक विश्वस्त, वाड्याचा मालक, यात्रेचे मानकरी, ग्रामसेवक आणि किमान दोन बायका असाव्यात. समितीने पावसाळ्याआधी सातबारे, परिशिष्ट १, मिळकत पत्रिका आणि पूररेषेचा नकाशा एका फाइलमध्ये लावावा. ‘क’ वर्गाचा प्रस्ताव त्या फाइलवरून लिहायचा. ती तयार झाली की मला दाखवा. घाटाचं मोजमाप घ्यायला मी स्वतः येईन.